सुरयांचं बेट, आमचे पिंजरे आणि दहा मिस कॉल

मी कुत्र्यांना भिते. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला शूर समजायला नको. औरंगपुऱ्यात आमचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानापासून रिक्षास्टँड जेमतेम दोनशे पावलांवर, पण मधे चिकनच्या दुकानाबाहेर चार-पाच कुत्री पडलेली असतात, म्हणून मी वर्षानुवर्षं लांबचा वळसा घालून जाते. आमचे मिस्टर विलास त्याला माझी प्रदक्षिणा म्हणतात. अशा बाईनं भर उन्हाळ्यात चार दिवस कुत्री पकडायला जावं हे घरात कुणालाच पटलं नाही. मलाही धड पटलं नव्हतं.

झालं असं, की काझी सर नवीन काचा बसवून घ्यायला दुकानात आले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आमचं जुनं गिऱ्हाईक. चष्मा लावून बघा म्हणून मी वाचायचं कार्ड पुढं केलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं, स्वतःचा फोन काढला आणि उलटा माझ्यासमोरच धरला. फोटोत नुसती वाळू आणि खडे. यात तीन अंडी आहेत, शोधा म्हणाले. रोज लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारी मी, मला एकही सापडेना. शेवटी त्यांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा दिसली, खड्यांच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. मग त्यांनी पुढचा फोटो सरकवला. तीच जागा, दोन दिवसांनंतरची. फुटकी कवचं आणि आजूबाजूला कुत्र्याच्या पंजांचे ठसे. 

ती अंडी नदी सुरयाची. काळी टोपी, पिवळी चोच, लांब दुभंगलेली शेपटी असा हा पक्षी घरटं म्हणून काही बांधतच नाही, उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. पैठणच्या नाथसागरात उन्हाळ्यात पाणी उतरलं की खड्यांची छोटी बेटं उघडी पडतात, त्यावर यांची वस्ती. चहूबाजूंचं पाणी हीच राखण. पण सलग दोन वर्षं दुष्काळ पडला आणि पाणी इतकं उतरलं, की बेट आणि काठ यांच्यामधे जमिनीची चिंचोळी पट्टी उघडी पडली. दुसरीकडून आपलं शहर पैठण रोडनं सरकत सरकत तिकडं पोचलंय. हॉटेलं, प्लॉटिंगचे बोर्ड, मटणाच्या दुकानांचा रस्त्याकडेला टाकलेला कचरा. त्या कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री आता त्या पट्टीवरून चालत बेटावर जात होती.

काझी सरांचा एक छोटा गट आहे. वनविभागाची परवानगी घेऊन ते पट्टीवर पिंजरे लावतात. सापडलेली कुत्री नि मांजरं शहराजवळच्या नसबंदी केंद्रात नेतात, तिथं लस देतात, पिल्लं उडेपर्यंत सांभाळतात आणि मग जिथून आणली तिथंच सोडतात. मुंगूस, कोल्हा असं रानातलं काही सापडलं तर तिथल्या तिथं मोकळं करायचं, हा कायदा. त्या हप्त्यात त्यांना माणूस कमी पडत होता. मला कुत्र्याला हात लावावा लागेल का, हे मी तीनदा विचारलं. सर म्हणाले, “डरने का नहीं हो, फक्त लिहायचं काम आहे.” मी हो म्हणून बसले.

शुक्रवारी दुपारी मध्यवर्ती स्थानकावरून पैठणची एसटी पकडली. जाणाऱ्यांसाठी सांगते, अंतर फार नाही, पण घड्याळावर विसंबू नका. रस्ता रुंद करायचं काम चाललंय, शेजारून शहरासाठी माणूस उभा राहील एवढी पाण्याची पाइपलाइन टाकतायत. चितेगावपासून बिडकीनपर्यंत बस नुसती धूळ खात होती. उजवीकडची खिडकी घेतलीत तर संध्याकाळपर्यंत ऊन तुमचंच. ढोरकीनला उतरून शेअर जीप केली, माणशी तीस रुपये, आणि ड्रायव्हरच्या शेजारी गिअरला गुडघे लावून बसायची तयारी हवी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पिल्लं असताना तिथं फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरायला नको.

गावाच्या पलीकडं गेलं की जुन्या काठाचा उतार आणि त्याखाली मैलभर मोकळा गाळ. पाणी लांब, चकाकत्या रेघेसारखं. ओसरलेल्या पाण्यामागं लोकांनी गाळपेर केली होती, हरभरा काढून झाला होता, आता नुसती ढेकळं आणि भेगा. आधीच गाडीनं येऊन थांबलेल्या सरांनी हातात काठी दिली आणि सांगितलं, भेगाळलेली जमीन पक्की समजू नका, वरची साय वाळलेली असते, खाली चिखल जिवंत असतो. गेल्या वर्षी एक म्हैस मांडीपर्यंत रुतली होती, ट्रॅक्टरनं ओढली तरी वाचली नाही. हे त्यांनी मला गाळात निम्म्यात आणून सांगितलं. मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत, काठी आधी टेकवत, तोंडात रामरक्षा चालवत त्या पट्टीपर्यंत गेले.

आमचा तळ पट्टीच्या तोंडाशी होता, बाभळीखाली. तिथून बेट दुर्बिणीतून दिसायचं. पहिल्यांदा डोळ्याला लावली आणि दहा मिनिटं खाली ठेवली नाही. नर चोचीत मासा घेऊन येतो, मादी अंड्यांवरून उठत नाही, तो तिला भरवतो. उन्हाच्या वेळी ती पाण्यावर जाते, पोट ओलं करते आणि येऊन अंड्यांवर बसते, अंडी थंड राहावीत म्हणून. एवढ्या उन्हात, एवढ्या उघड्यावर. मला एकदम रडू आलं आणि मी ते सरांपासून लपवलं.

पण त्याच दुर्बिणीतून दुसरंही दिसलं. जुन्या काठाच्या उंचवट्यावर कुत्री येऊन उभी राहिली होती. मी मोजली, अकरा. भुंकत नव्हती, पळत नव्हती, नुसती आमच्याकडं बघत होती. गल्लीतली कुत्री निदान भुंकून तरी आपला हेतू सांगतात.  रात्री मी तंबूत नाही, सरांच्या गाडीत झोपणार, असं मी तिथंच जाहीर केलं.

कामाची पद्धत साधी आहे. लोखंडी जाळीचा लांबट पिंजरा, आत टोकाला कोंबडीचे तुकडे, मधे पायपट्टी. पट्टीवर पाय पडला की दार खाली येतं. संध्याकाळी लावायचे, उजाडलं की बघायचे. आत जनावर असेल तर पिंजऱ्यावर लगेच पोतं टाकायचं, अंधार झाला की ते शांत होतं. माझं काम म्हणजे पोत्याचा कोपरा वर करून जनावर नीट बघायचं आणि वहीत लिहायचं. त्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गळा. आजूबाजूला धनगरांचे तळ होते. त्यांना सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की चार दिवस आपापल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल फडकं बांधा. फडकं असेल तर सोडायचं, नसेल तर मोकाट समजून पाठवायचं.

शुक्रवारी संध्याकाळी ठकूबाई तळावर आली. तिचा वाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे तीन पालं, जाळीचं वाडगं आणि त्यात साठेक मेंढरं नि चार शेळ्या. नवरा गुडघ्यानं अधू, पोरगा शेंद्र्याच्या कंपनीत कामाला लागलेला. राखणीला दोन कुत्री होती, त्यातला एक पाइपलाइनच्या डंपरखाली गेला. उरली एकटी राणी. ठकूबाईनं सरांना बजावून सांगितलं, फडकं बांधलंय, पण तुम्ही शहरातली माणसं पिंजरे बघणार, तर नीट बघा. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “ती कचऱ्यावरची कुत्री कोकरं फाडत्यात, बाई. ही राणी हाय म्हनून आमी डोळा मिटतो.”

शनिवारी सकाळी एका पिंजऱ्यात मुंगूस निघालं, दार उघडताच बाणासारखं सुटलं. दुसऱ्यात गावातला एक बोका, तो सरांनी केंद्रात पाठवला. मी वही लिहिली, अक्षर चांगलं आलं म्हणून स्वतःवर खूश झाले. दुपारी गावातल्या एका घरी पैसे देऊन जेवायची सोय होती. बाजरीची भाकरी, पिठलं, सुक्या मासळीची चटणी आणि माठातलं पाणी, तेही टँकरचं, म्हणून तांब्या भरून न घेता लागेल तेवढंच घ्या. संध्याकाळी विलासना फोन करून मी सांगितलं, की काही घाबरण्यासारखं नाही. एवढं बोलायला नको होतं.

रविवारी उजाडताना सर एका बाजूला गेले, मी दुसऱ्या. टोकाच्या पिंजऱ्यात कुत्रं होतं. तांबूस, उंच, एक कान दुमडलेला. मी दिसताच ते जाळीवर असं आदळलं, की पिंजरा जागचा हलला. मी लांबूनच पोतं फेकलं, ते नशिबानं नीट पडलं. आता कोपरा उचलून गळा बघायचा होता. मी दोनदा वाकले, दोनदा आतून गुरगुर आली आणि दोन्ही वेळा मी मागं सरले. मघाशी आदळलं तेव्हा गळ्यात काही लाल दिसलं नव्हतं ना, असं मी मनाशी म्हटलं. वहीत लिहिलं: मादी, तांबूस, मोकाट.

ती राणी होती. गळ्यात खरोखरच फडकं नव्हतं. पण गळा नीट बघितला असता तर पट्ट्याएवढ्या जागेतले जुन्या दाव्यानं झिजलेले केस दिसले असते, फडक्याचा एक धागाही अजून अडकलेला होता. ठकूबाईच्या करडानं ते शनिवारी संध्याकाळी चावून खाल्लं होतं. शेळ्यामेंढरांत राहणाऱ्या कुणालाही सुचलं असतं, की कापड टिकणार नाही. आम्हा शहरातल्या लोकांना नाही सुचलं, आणि ठकूबाईनं मान दिला म्हणून आमचं ऐकलं.

केंद्राची गाडी सातला यायची ती रस्त्याच्या खोदकामात अडकली. साडेदहा वाजले. पोत्याखाली राणी जाळी ओरबाडत होती, तो आवाज मी चार तास ऐकला आणि जवळ गेले नाही. गाडी आल्यावर पिंजरा उचलायचा होता. उचलायला वर कडी असते, बाजूच्या जाळीला हात लावायचा नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. उचलताना आतून तिनं उडी मारली, पिंजरा कलंडला, आणि मी घाबरून जाळीच धरली. चटका बसल्यासारखं वाटलं. उजव्या हाताच्या करंगळीखाली दोन भोकं आणि रक्त.

त्याच वेळी ठकूबाई काठावरून हाका मारत पळत येत होती.

पुढचा अर्धा तास मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. सरांनी माझा हात साबणानं धुतला, पंधरा मिनिटं, टँकरच्या त्या मोजक्या पाण्यातला अख्खा कॅन ओतून. राणीला लस दिलेली नव्हती. कोण देणार. सरांनी मला समजावलं, की इंजेक्शनं आजच सुरू करायची आणि कुत्रीवर दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहा दिवस ती धडधाकट राहिली तर चावली तेव्हा तिच्या तोंडात विष नव्हतं असं समजायचं. मधे आजारी पडली किंवा मेली, तर काळजी. त्यांच्या मते तिला केंद्रात नेऊन वेगळं ठेवणं उत्तम. ठकूबाईनं पिंजऱ्याची कडी धरून ठेवली. राणीच्या पुढच्या पंजांची नखं उपसली होती, जाळीला रक्त लागलं होतं. ठकूबाईनं ते पाहिलं. ती एवढंच म्हणाली, की दहा दिवस राणी नसली तर वाडग्यात काय उरेल ते तुम्हीच येऊन मोजा.

सर माझ्याकडं बघून म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. मला ती कुत्री कुलपात, डॉक्टरच्या नजरेखाली हवी होती. अगदी मनापासून हवी होती. पण समोर ती बाई कडी धरून उभी, आणि चूक माझी. मी म्हटलं, राहू दे तिला तुमच्यापाशी.

फोनची युक्ती ठकूबाईचीच. तिच्या साध्या फोनवर पाचचं बटण दाबून धरलं की माझा नंबर लागेल, असं मी करून दिलं. मेंढरं वाडग्यात बसली की ती रोज एकदा वाजवणार आणि मी उचलायचं नाही. वाजला म्हणजे राणी जिती आहे.

पैठणच्या सरकारी दवाखान्यात पहिली सुई आणि त्याच संध्याकाळी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जखमेभोवती दुसरं औषध टोचलं. ते किती दुखतं ते लिहीत नाही, नाहीतर तुम्ही घ्यायचं टाळाल. पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टरीणबाई धीराच्या होत्या. वेळेवर आलात, आता तारखा चुकवू नका, म्हणाल्या. मला तेवढ्यानं धीर आला नाही.

भीती कशी असते सांगते. रेबीज झाला की पाणी, वारा, उजेड काही सोसत नाही म्हणतात. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना घसा आवळल्यासारखा वाटायचा. पंखा लावला की अंगावर काटा यायचा, मग मी पंखा तीनदा लावून-बंद करून बघायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बॅटरी मारताना वाटायचं, उद्या मला उजेड सोसेल ना. फोनवर जे वाचायला नको ते सगळं वाचून झालं. विलासनी दोनदा फोन लपवला, पण संध्याकाळी पावणेसातला त्यांना तो परत द्यावाच लागायचा. मग मी दुकानाच्या काउंटरवर तो समोर ठेवून बसायची. वाजला, दोन रिंगा, बंद. त्यानंतर तास-दीड तास मी माणसांत असायची. रोज देवापुढं दिवा लावताना मी त्या कुत्रीसाठी हात जोडायची. सासूबाई म्हणाल्या, मुक्या जिवाची एवढी माया बरी.

तिसऱ्या दिवशीची सुई वेळेवर घेतली. सातव्या दिवशी दवाखान्यात रांग दारापर्यंत होती, लग्नसराईमुळं दुकानात गर्दी, आणि आदल्या संध्याकाळी फोन वाजला होताच. कुत्री ठणठणीत आहे, उद्या जाऊ, असं म्हणून मी परत आले. उद्याही तसंच झालं. माझ्यासारखी भित्री बाई हे कसं करू शकली असं तुम्हाला वाटेल. त्या दोन रिंगांवर माझा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास बसला होता.

दहाव्या दिवशी मला राहवेना. सुटले म्हणून ठकूबाईला भेटून यायचं ठरवलं. तिच्यासाठी इमरती घेतली, राणीसाठी बिस्किटांचे पुडे, आणि सकाळची पहिली एसटी. वाडा हलला होता. जीपवाल्यानं सांगितलं, पलीकडच्या शिवारात एकानं खतासाठी मेंढरं बसवलीत, तिथं बघा. शेताच्या बांधावर पालं दिसली. मी लांबूनच थांबले आणि हाक मारली, कारण राणी अंगावर येईल अशी भीती होती. कुत्रं आलं नाही, ठकूबाई आली.

तिनं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं, हाताची जखम बघितली, चांगली भरली म्हणाली. मी राणी कुठं आहे विचारलं. तिनं आधी इमरतीची पुडी बाजूला ठेवली.

“ती पाचव्या दिशीच गेली, बाई.”

मला काही ऐकू येईनासं झालं. ठकूबाई सांगत होती ते मी ओठांवरून वाचल्यासारखं ऐकलं. चौथ्या दिवशी भल्या पहाटे कचऱ्यावरची टोळी वाडग्याला भिडली. राणी नेहमीसारखी आडवी गेली, पण पंजे सुजलेले, तिला मागं फिरता आलं नाही, पळता आलं नाही. कोकरं वाचली. तिच्या त्यांनी चिंध्या केल्या. एक दिवस पालात पडून होती, पाचव्या दिवशी दुपारी संपली.

मी म्हटलं, अहो, फोन तर कालही वाजला. माझा आवाज चढला असावा, कारण तिचा नवरा पालातून डोकावला. ठकूबाईनं त्याला हातानंच आत जायला सांगितलं. मग म्हणाली, “तुमी लई भ्याल्या व्हत्या त्या दिशी. तोंड पांढरं पडलं व्हतं. म्या म्हनलं, कुत्री तर गेली, आता ह्या बाईला कशाला मारायचं. सायेब दहा दिस म्हनले व्हते. दहा दिस वाजवावं, मंग तुमी मोकळ्या. आज शेवटचं वाजवनार व्हते.”

तिच्या मनात दगा नव्हता. दहा दिवसांचा अर्थ तिनं आमच्या बोलण्यावरून असा लावला होता, की हे बाईच्या जिवाला दिलेलं औषध आहे, रोज एक. ते तिनं चुकवलं नाही. घरातलं जनावर गेल्याच्या संध्याकाळीही तिनं आठवणीनं पाचचं बटण दाबलं.

आणि त्या क्षणी मी काय विचारावं. राणीचे फार हाल झाले का, असं नाही. मेंढरांना आता कोण राखतं, असंही नाही. मी विचारलं, ती पाणी पीत होती का. लाळ गळत होती का.

ठकूबाईनं माझ्याकडं बघितलं. तिला प्रश्न कळला. मेंढरांमागं जन्म गेलेल्या बाईला पिसाळलेलं कुत्रं कसं असतं ते मी सांगायची गरज नव्हती.

“पानी पीत व्हती,” ती म्हणाली. “शेवटपत्तुर. म्या वंजळीनं पाजलं.”

मला बरं वाटलं. ते खरं लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. ती कुत्री कशी मेली हे ऐकून दोन मिनिटं झाली होती, आणि ती ओंजळीनं पाणी पीत होती हे ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी रडले, आणि ठकूबाईला वाटलं राणीसाठी रडते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तिथून थेट दवाखाना. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. कुत्रं पाणी प्यालं यावर काही ठरत नसतं, सुई चुकवायची नसते, उशीर झाला तरी आज घ्यायची आणि पुढचीही. मी घेतली. अठ्ठाविसाव्या दिवशीची सकाळी आठलाच जाऊन घेतली. आता काही होणार नाही, निश्चिंत राहा, असं त्यांनी सांगितलं. घसा अजून मधूनच आवळतो, पण ते बहुतेक माझं मलाच वाटत असावं.

तुमच्यापैकी कुणाला अशा कामाला जायचं असेल तर जरूर जा. आधीच लस घेऊन जा, ती मिळते, मला ठाऊक नव्हतं. जाड हातमोजे न्या, स्वतःचं पाणी न्या. धनगरांच्या कुत्र्यांना कापड बांधू नका, गेरूचा ठळक पट्टा मारा, हे आता सरांनी सुरू केलंय. आणि भीती वाटत असेल तर पिंजऱ्यापाशी उभं राहून तसं मोठ्यानं सांगा, दुसरं कुणी बघेल. भ्यायल्याची लाज नाही. मी भ्याले आणि न बघताच बघितल्यासारखं वहीत लिहिलं, त्याची लाज आहे.

सुरयांची पिल्लं उडाली. सरांनी व्हिडिओ पाठवला, दुकानात सगळ्यांनी पाहिला, मीही पाहिला. खूप सुंदर आहे. ठकूबाईला मी फोन केला तेव्हा कळलं, की अजून दुसरं कुत्रं मिळालेलं नाही, ती आणि तिचा नवरा आळीपाळीनं जागतात. केंद्रातून लस दिलेलं एखादं पिल्लू देऊ का, विचारलं. नको म्हणाली, मेंढरांत वाढलेलं लागतं.

घरी आता त्या दहा दिवसांचा विषय निघत नाही. सासूबाईंना अजून वाटतं, की मला त्या मुक्या जिवाचा लळा लागला होता. मी त्यांना खरं सांगितलेलं नाही. मी देवापुढं रोज हात जोडून राणीसाठी दहाच दिवस मागत होते. अकराव्या दिवशी तिचं काय झालं, हे मी विचारणार नव्हते, आणि ठकूबाईनं ते पहिल्याच दिवशी, तळावरच्या बाभळीखालीच ओळखलं होतं.